साहेब आत झोपलेत

"साहेबांना बोलवा, त्यांच्याशीच बोलतो," असं म्हणत गॉगलवाला कंत्राटदार उंबऱ्यापर्यंत आला, तेव्हा चादरबाईंच्या तोंडून निघून गेलं, "ते आत झोपलेत. रात्रपाळी असते त्यांना."

तो गेला, पण जाताजाता त्याने खिडकीची कडी हलवून पाहिली. छपराचं माप घ्यायला आलेल्या माणसाला खिडकीशी काय करायचंय, या विचाराने बाईंचं जेवण गेलं.

साहेब जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात बाई एकट्याच. दवाखान्याच्या कपडेखात्यात चादरी मोजण्यात आणि फाटलेल्या शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून हे नाव पडलेलं. तिथे डॉक्टरांनाही दबकून चादर मागायला लावणारी ही बाई घरी आली की मांजराच्या चाहुलीनेही दचकायची. त्यात परवाच्या वाऱ्यात आतल्या खोलीवरचा वासा कडकन वाजला आणि एक कौल पलंगावर येऊन फुटलं. नेमकं साहेबांच्या उशीवर. "तिथे कुणी नव्हतं म्हणून निभावलं," असं नणंद फोनवर म्हणाली.

तेव्हापासून बाई स्वयंपाकघरात, ओट्याखाली डोकं घालून झोपत. छप्पर कधी अंगावर येईल याची धास्ती, आणि ते नीट करायला माणूस घरात घ्यावा तर त्याची धास्ती. नणंदेने बजावलं होतं, "वहिनी, एकटी आहेस हे कुणाला कळू देऊ नकोस. छप्पर उघडतात, घर बघून ठेवतात आणि महिन्याभराने परत येतात."

दुसऱ्या कंत्राटदाराला सांगितलं, अंघोळीला गेलेत. तो चिवट. अंघोळ आटपेपर्यंत थांबतो म्हणून पायरीवरच बसला. बाईंना न्हाणीतला नळ सोडून ठेवावा लागला. टाकी संपली तरी साहेब बाहेर येईनात, तेव्हा कुठे तो वैतागून उठला.

तिसरा मिस्त्री आला तो घरात कोण असतं हे विचारीचना. वाशांवर कान ठेवून ठोकत फिरला, पेचकसाने टोचून पाहिलं, दोन दिवसांचं काम आहे म्हणाला. विचारणाऱ्यांची भीती वाटायची; हा विचारत नाही म्हटल्यावर ती दुप्पट झाली. न राहवून त्याच म्हणाल्या की आमचे हे आत झोपलेले असतात, तापट आहेत फार. मिस्त्री म्हणाला, बरं, आवाज जपून करू. घाबरत घाबरतच बाईंनी त्याला हो म्हटलं, कारण वासा काही थांबायला तयार नव्हता.

कामाच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. आतल्या खोलीचं दार लोटलं, सगळ्या खिडक्यांना कड्या घातल्या आणि दाराशी स्टूल टाकून बसल्या. मिस्त्री आणि त्याचे दोन गडी वर चढले. कौलं उतरू लागली.

मग त्या लोटलेल्या दाराखालून उन्हाची एक तिरीप बाहेर आली.

बाई उठून उभ्या राहिल्या. दारं झाली, खिडक्या झाल्या, सगळ्याचा बंदोबस्त केला होता. छप्पर काढलं की वरून घर उघडं पडणार, एवढं मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वरची ठोकाठोक थांबली. त्या शांततेत बाईंच्या हाताला शेजारच्या फळीवरच्या खलातला बत्ता लागला, तो त्यांनी घट्ट धरला.

"मिस्त्री, इथं तर कुणीच..." एक गडी म्हणाला.

"तू पलीकडची कौलं घे," मिस्त्रीचा आवाज आला. "आणि हळू. साहेब झोपलेत."

शिडी करकरली. मिस्त्री खाली उतरला आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. बाईंच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं.

"कुटायचं आज राहू द्या, ताई. सगळ्यात धूळ जाईल." मग गड्यांना ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "मधला वासा आतून पोकळ झालाय. जोड दिली तर वर्षभर निघेल, बदलला तर चिंता मिटली. साहेबांना विचारून सांगा. सावकाश विचारा."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने नजर खाली, पायरीवर ठेवली होती.

त्या आत गेल्या, दार लावून घेतलं. खोलीत एवढं ऊन त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वाशांच्या मधून आभाळ दिसत होतं, पलंगावर मातीचा थर बसला होता. नुसतं उभं राहून परत फिरावं, असंच त्या ठरवून आल्या होत्या. पण पाय साहेबांच्या बाजूला गेले, आणि हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "बदलू या का हो?"

बाहेर यायला त्यांना जरा वेळ लागला. तोवर कुणी हाक मारली नाही.

"बदला म्हणतायत," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने मान हलवली, वर चढला आणि गड्यांना छपराच्या पलीकडच्या उताराकडे तोंड करून बसवलं. मग वाशांच्या मधून त्याने एक ताडपत्री दोरीला बांधून खाली सोडली, पलंगावर धूळ पडू नये म्हणून. ती सावकाश उतरत पसरली. एक कोपरा दुमडून राहिला होता. बाईंनी पुन्हा आत येऊन बत्ता बाजूला ठेवला, वाकून तो कोपरा ओढला आणि दवाखान्यातल्यासारखा गादीखाली नीट खोचून दिला.