साखर आणि तारेची घासणी

“आई, बाटली गातेय बघ.”

नऊ वर्षांच्या केरिनचा तो आवाज मर्लच्या कानांतून कधी गेलाच नाही. त्यामागोमाग शेडमधला धमाका, आणि काचा. केरिनचा डावा डोळा गेला त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

घरची बिअर बाटल्यांत भरताना तिचा नवरा क्लाइव्ह दर बाटलीत साखर घाली, मोजून; जास्त पडली तर वायू कोंडून बाटली फुटते. त्या खेपेला आपलाच हात चुकला, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं. पुन्हा बिअर केली नाही. लेकीच्या तोंडाकडे धड पाहिलंही नाही.

हात त्याचा चुकला नव्हता. बिअर आंबवायच्या प्लॅस्टिकच्या पिंपात सुकून बसलेलं फेसाचं कडं निघेना, म्हणून मर्लनं तारेची घासणी घेऊन ते खसाखसा घासलं होतं. नवरा खूश होईल म्हणून. महिन्याभरानं दुकानात एक म्हातारा कुणाला तरी सांगत होता, प्लॅस्टिकला ओरखडा पडला की जंतू त्यात दडतात, ते मारायचं औषध तिथवर पोचत नाही, आणि बंद बाटलीत वायू कोंडत जातो. मर्ल काही न घेताच घरी परतली. जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

आता क्लाइव्हची फुप्फुसं संपत आली होती. डॉक्टरांनी ईस्टरपर्यंतचं बोलून ठेवलं होतं. त्याला शेवटचं एकदा बिअर आंबवायला लावायची होती. नाकात ऑक्सिजनची नळी घालून तो शेडच्या दारात बसला होता, मर्ल नवं पिंप धूत होती.

“तोटी काढून धू. सगळी घाण तिच्या पोटात.”

“काढलीय रे बाबा.”

“आणि मऊ फडकं. औषधाचा फेस राहू दे, पाणी मारू नकोस.”

“जीव जायला आला तरी मुकादमी जात नाही तुझी.”

तो हसला, मग खोकत राहिला. खूप वेळ. ओठ निळसर झाले.

“रविवारी केरिन येतेय मदतीला,” ती म्हणाली.

“तिला नको म्हणून सांग.”

“क्लाइव्ह, किती रविवार उरलेत?”

“म्हणूनच. त्या डोळ्यासमोर बसून साखर मोजायची? माझ्यानं नाही व्हायचं, मर्ल. फोन आण, मीच सांगतो.”

फोन तिच्या खिशातच होता. तिनं हात पुसले. तो पंजा पुढे करून थांबला होता, नखं काळवंडलेली. असाच गेला, तर लेकीला न भेटता जाईल. मातीतही तो गुन्हा घेऊनच जाईल.

ती त्याच्यापुढे ओल्या फरशीवर बसली.

“साखर बरोबर होती,” ती म्हणाली. “पिंप मी तारेनं घासलं होतं. तिचा डोळा माझ्यामुळे गेला, आणि हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे.”