निरशा दुधातला मी

कडाक्याची थंडी, अंगावर दोन गोधड्या, आणि तरी सकाळी साळूबाईचं पोलकं घामानं चिंब. तिची लेक सुलक्षणा तिथंच दचकली. एरवी ती पाल चुकचुकली तरी दचकते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मला बरंच झालं. तो घाम माझ्यामुळे होता ना! मी ब्रुसेला बोलतोय, डोळ्यांना न दिसणारा जिवाणू.

तोरण्याच्या पायथ्याच्या या वाडीत, तांबू शेळीच्या पोटात मी वाढलो. मला गिळायला रक्तातल्या शिपाई पेशी धावून आल्या. गिळलंही त्यांनी. पण मी त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटलं! चोर चौकीतच राहायला गेला, तर शोधणार कोण?

मग तांबू गाभडली. साळूबाईनं मेलेलं करडू नुसत्या हातांनी ओढून काढलं, वार कुत्र्यांपुढं टाकली, हात पदराला पुसले. बोटाला विळ्याची चीर होती. मला तेवढं दार पुष्कळ. तेव्हापासून दिवस कलला की ताप, आणि कंबर धरलेली. ती म्हणे, "हवा बदलली, दुसरं काय?"

माणसांची एक सवय मला फार आवडते. आजारी माणसाला, पोटुशीला शेळीचं निरसं दूध द्यायचं, फेस मोडायच्या आत. उकळलं की म्हणे कस जातो. कस कुठला, मी जातो!

आज तो पेला साळूबाईच्या सुनेपुढं, दिपालीपुढं आला. तिला सातवा महिना. तांबूची सगळी धार त्या पेल्यात, आणि धारेत मी.

"पी गं, पोर घट हुईल."

"वहिनी, थांब!" सुलक्षणानं पेला हिसकावला. "आई, तांबू गाभडली आणि मागोमाग तुला ताप. दोन्ही एकच असलं तर?"

"घ्या! शेळीचा ताप मला व्हय? कालिजात ह्येच शिकवत्यात?"

दिपाली हसली. "वन्सं, तुमालाच प्यायचं असंल तर तसं सांगा की!"

"जनावरांच्या डॉक्टरबाईंना विचारते. टेकाडावर रेंज असते. आणि पेला नेते बरोबर, नाहीतर मागं तुम्ही पिऊन टाकाल."

भित्री माणसं पळतात, हे मला ठाऊक होतं. ही पळाली, पण मला हातात घेऊन.

टेकाडावर वारा. रिंग वाजून बंद पडली. तिनं फोन पुन्हा लावला. खालून हाक, "सुलक्षे, निवतंय गं दूध!" ती गर्रकन वळली. दूध काठापर्यंत आलं, सांडलं नाही.

वाचकहो, नवसाला, अंगाऱ्याला मी भीत नाही. थंडीत तर मजेत जगतो. फक्त दूध उकळू नका, आणि वेळेवर कुणाला विचारू नका. एवढीच विनंती.

पुन्हा रिंग. मग वाऱ्यातून डॉक्टरबाईंचा आवाज आला,

"हॅलो? सुलक्षणा ना? बोल, ऐकतेय मी."