चोरलेले कण्हणे

मी एक जुना लोड आहे. हा काय सांगणार, असे तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, पाठ टेकली की माणूस खरे बोलतो, आणि माझ्यावर पुष्कळ पाठी टेकल्या आहेत.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकानाच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनीच मला चिंध्या आणि कापूस ठासून भरले आणि जाड निळी खोळ शिवली. टाके इतके बारीक की कोट शिवायला आलेले एक गिऱ्हाईक म्हणाले, "अण्णा, आधी लोडाचं माप घेतलंत वाटतं." मी फुगून गेलो. तसा मी फुगलेलाच होतो म्हणा.

पस्तीस वर्षे पायाने मशीन चालवून अण्णांचे गुडघे गेले. दुकान बंद झाले आणि आम्ही दोघे त्यांच्या मुलाच्या घरी आलो. खाली बसलेले अण्णा उठताना कण्हत, "आई गं..." ते कण्हणे त्यांच्या पाठीतून थेट माझ्यात उतरे. ते आम्हा दोघांतलेच होते.

मुलगा व्हिडिओ गेमसाठी आवाज तयार करतो. त्यासाठी घरातल्या एका खोलीच्या भिंतींना त्याने गाद्या लावल्या आहेत. एके दिवशी "दोन दिवसांकरता नेतो" म्हणून त्याने मला उचलले आणि त्या खोलीत काठीने बदडले. समोर माइक, माइकवर लाल दिवा. प्रत्येक दणक्यानंतर तो डोळे मिटून ऐके आणि मान डोलावे. माझे काय चुकले होते? मार मी खात होतो, पण हा दणका कोणाच्या पाठीवर बसणार होता? माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोन दिवसांचे दोन महिने झाले. माझी शिवण उसवली, कापूस डोकावू लागला. कोणी विचारले नाही.

मग एका दुपारी त्याने अण्णांना आत बोलावले. "अण्णा, इथे पंखा आहे. बसा जरा निवांत."

पाप बोलू नये, पण ज्या मुलाला वडिलांशी दोन शब्द बोलायला सवड नव्हती, त्याला आजच त्यांचा घाम कसा दिसला? खुर्ची असताना जमिनीवर बैठक कशासाठी? आणि माइकवर नेहमी फडके टाकून ठेवणारा हा, आज ते काढून का ठेवतो आहे?

अण्णा मात्र हरखले. "अरे, तू इथे होय," असे मला म्हणून त्यांनी मला पाठीशी घेतले आणि दुकानाच्या जुन्या गोष्टी काढल्या. मुलगा हूं हूं म्हणत होता, पण नजर त्यांच्या गुडघ्यांवर. अण्णांनी उठायला हात टेकला, तसा त्याने पंखा बंद केला. लाल दिवा लागलेला मी पाहिला. ओरडावेसे वाटले, पण कापसाला कुठला गळा! अण्णा उठले, कण्हले. मुलाने डोळे मिटून मान डोलावली.

चार दिवसांनी गेम तपासायला त्याने आपल्या दहा वर्षांच्या मुलीला बसवले. त्या खेळात गोदामाचा एक म्हातारा पहारेकरी होता. त्याला काठीने पाडले की गुण मिळत. पोरीने बटण दाबले. माझाच दणका वाजला, आणि म्हातारा कण्हला, "आई गं..."

पोरीने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. "बाबा, हे आजोबा आहेत."

"वेडी आहेस का? नुसता आवाज आहे तो."

ती उठली आणि अण्णांना हाताला धरून घेऊन आली. अण्णा मला टेकून बसले आणि म्हणाले, "लाव परत." मुलाचा हात हलला नाही. पोरीनेच लावले. दणका, मग कण्हणे. पडद्यावरचा म्हातारा पडून राहिला. त्याला उठवायला कोणी आले नाही.

मुलगा सांगू लागला, यात खरे कोणाला लागत नाही, नटांचे कण्हणे खोटे वाटते, आणि हे कसे अगदी खरे...

अण्णांनी पडद्यावरची नजर मुलाकडे वळवली. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, बसायला बोलावलंस."

आणि ते उठले. ओठ घट्ट मिटून. त्यांची पाठ थरथरली ते मला कळले, पण तोंडातून हुंकारही निघाला नाही.

मुलाने त्याच दिवशी ते कण्हणे पुसून टाकले म्हणे. मी पाहिले नाही, म्हणून शपथ घेत नाही. मला त्याने बाहेर आणून ठेवले, माझी उसवण वेडीवाकडी का होईना, स्वतः टाचली. आता अण्णा उठू लागले की तो हात देतो. अण्णा हात धरतात. पण त्याआधी खोलीभर नजर फिरवतात, कुठे लाल दिवा नाही ना. आणि कण्हत नाहीत. सगळे दुखणे दातांखाली धरतात. पाठीतून ते मला एकट्यालाच ऐकू येते.

मित्रांनो, लोड उसवला तर शिवता येतो, शिवणारा कच्चा असला तरी. म्हणून माझी विनवणी ऐका. खेळात कोणी पडले आणि कण्हले, तर पुढचे बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, हे कण्हणे आणले कुठून? आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसायला बोलवाल, तेव्हा नुसते बसायलाच बोलवा.