पिंपळनेर गाडी गेटबाहेर लागेल

“अक्का, माईक सोडा आनि पया!” हिलाल हमाल खिडकीशी येऊन ओरडला. “चार नंबरले बाकडाखाले काळी बॅग शे. तठे कोनीच नही!”

सुनंदाबाईंचा हात बटणावरच राहिला. सव्वीस वर्षं त्या या तालुक्याच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारत होत्या. एरवी कुणाची पिशवी राहिली तर नाव पुकारून परत देत. पण कालपासून धुळे जिल्हाभर प्रत्येकाच्या मोबाइलवर तो एकच माणूस बोलत होता. कुठल्याशा देशात दडून बसलेला अतिरेक्यांचा म्होरक्या. मागे पुस्तकांचं कपाट, पांढरी दाढी, आणि बोट नाचवत अगदी शांतपणे धमकी, की तुमची स्टँडं, तुमचे बाजार, कुठेही जा, आम्ही आहोतच. दर चार-सहा महिन्यांनी त्याला असा उमाळा येई. खरं किती, खोटं किती देव जाणे, पण ऐकणारा दोनदा मागे वळून बघायचा.

“बठ्ठा लोकेसले सांगी द्या, बॉम्ब शे म्हनीसन!” हिलाल म्हणाला.

“गप रे! बाजारना दिवस शे, गेट एकच शे. लोके चेंगरी मरतीन. तू पोलिसले बलाव.”

“आनि तुम्ही?”

“मी गऊ ते माईकवर कोन बोली?”

बोलून गेल्या खऱ्या, पण नजर बाकड्यावरून हलेना. बाकडं खिडकीपासून दहा पावलांवर. पळून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगा! आणि मग त्यांना त्या दाढीवाल्याचा असा संताप आला म्हणता! मेल्या, तुझ्या हातात माईक आहे, तसा माझ्याही आहे. त्यांनी बटण दाबलं.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. पिंपळनेर गाडी आज गेटबाहेर, पेट्रोल पंपाजवळ लागेल.”

आपला माणूस एक वेळ बॉम्बला भिणार नाही, पण खिडकीची जागा जाईल म्हटलं की उठलाच. चार नंबर फलाट गाठोडी उचलून निघाला. जागा धरायला रुमाल हातात तयार! गेट मोकळं झालं तशी त्यांनी पाचोरा पुकारली, मग भुसावळ. एकदम दोन नावं घेतली नाहीत. बारा मिनिटांत पाचशे माणसं एसटीला शिव्या देत बाहेर गेली. एकालाही खरचटलं नाही.

आता त्या निघणार, तोच दुरून इन्स्पेक्टर ओरडले, “बाई, दार उघडू नका! बॅग दाराच्या वाटेवर आहे. टेबलाखाली बसा!”

त्या बसल्या. गुडघे पोटाशी घेऊन, डोळे मिटून. बॉम्बशोधक पथक येईपर्यंत पाऊण तास.

पथक बॅगेकडे निघालं, इतक्यात पोलिसांच्या दोरीपलीकडून पिंपळनेर गाडीचा, जेवून परतलेला ड्रायव्हर चुडामण बोंबलत आला, “साहेब, थांबा! डबा शेतस त्यामा, जेवनना डबा!”

गावोगावच्या आया नर्सिंगच्या हॉस्टेलवरच्या लेकींना रोज त्याच्या गाडीतून डबे पाठवत. तो ते बाकड्यावर ओळीनं मांडी, पोरी येऊन आपापला उचलत. पण धमकीनंतर डबे आणायला बंदी झाली होती.

“पोरी उपाशी राहतीन म्हनीसन बाकडाखाले दपाडी ठेवात, साहेब. चूक हुई गयी.”

पथकानं तपासून बॅग उघडली. सतरा डबे. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. बाहेर हशा उसळला. इन्स्पेक्टर खिडकीशी आले. “कमाल केलीत बाई! आता बोलवा लोकांना.”

सुनंदाबाई उठल्या, पदर सारखा केला, बटण दाबलं.

“प्रवाशांनी...”

पुढचा शब्द निघेना. तोंड उघडं, आणि आतून नुसता हुंदका आला. बटण दाबलेलंच होतं. ते रडणं भोंग्यातून थेट पेट्रोल पंपापर्यंत गेलं. बाहेरचा हशा थांबला.

“अक्का रडी राह्यनी,” कुणीतरी म्हणालं.

एका म्हातारीनं गाठोडं उचललं आणि ती गेटकडे चालू लागली. तिच्यामागून सगळे आले. त्या दिवशी गेटात कुणी कुणाला ढकललं नाही.