न उघडणारी नवी पुस्तके

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्हाला एक सोडून चार तोंडे आहेत, पाय मात्र एकच आणि तोही जमिनीत घट्ट रोवलेला. तुम्हाला चालता येत नाही, पण कोणी हलकेच ढकलले की तुम्ही जागच्या जागी गोल फिरता. तुमच्या चारही अंगांना तिरक्या फळ्या आहेत आणि त्या फळ्यांवर कालपर्यंत कोणीही न वाचलेली पुस्तके उभी आहेत. झाली कल्पना करून? मग आता तुम्ही मीच झालात. मी वाचनालयातला एक जुना फिरता स्टँड आहे आणि माझ्या डोक्यावर पाटी आहे, 'नवी पुस्तके'.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. तो कामाला बसला की तोंडात खिळे धरून गुणगुणायचा. माझ्या मधोमध त्याने लोखंडी दांडा बसवला, त्याला तेल दिले आणि बोटाने ढकलून पाहिले. मी गर्रकन फिरलो. "जमलं बुवा!" असे तो स्वतःशीच म्हणाला, तेव्हा त्याच्या तोंडातले सगळे खिळे खाली सांडले. आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

त्या काळी वाचनालय एक बाई सांभाळत. त्यांना सगळे नुसतेच 'बाई' म्हणत. नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला की बाई सुतळी कापत, आणि मुले अशी गर्दी करत की जणू आतून ससाच निघणार आहे. मोठ्यांची पुस्तके माझ्या दोन बाजूंना लागत आणि मुलांची दोन बाजूंना. पण बाईंचा एक नियम होता. "आधी एक पूर्ण फेरी, मग पुस्तक." म्हणजे हवे ते पुस्तक समोर दिसले तरी मला एकदा पूर्ण फिरवायचे, चारही बाजू पाहायच्या आणि मगच हात लावायचा.

या नियमाने काय काय गमती व्हायच्या! पाव भाजणारा एक दांडगा माणूस हिशेबाचे पुस्तक शोधायला आला आणि देवमाशांच्या गोष्टी घेऊन गेला. परत आला तेव्हा बाईंना म्हणाला, "बाई, माझ्या पोराला वाचून दाखवीन म्हटलं होतं. पोरगं झोपलं, मीच जागा राहिलो." एक शाळकरी मुलगी परीकथा घ्यायला आली आणि पूल कसे बांधतात यावरचे जाडजूड पुस्तक कवटाळून निघाली. नवे पुस्तक नेहमी आपण शोधत असतो तिथेच असते असे नाही मित्रांनो. ते दुसऱ्या बाजूला, पाठमोरे उभे असते. फेरी मारावी लागते.

या सगळ्या गर्दीत एक अगदी लहान मुलगी होती. तिला अजून वाचता येत नसे. ती माझ्या खालच्या फळीला धरून स्वतःच माझ्याबरोबर गोल गोल पळे. बाईंनी तिचे नाव 'भिंगरी' ठेवले आणि तेच तिला कायमचे चिकटले.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी एक नवे ग्रंथपाल आले. माणूस सज्जन. पुस्तकांवर त्यांचा फार जीव. कोणी पान उलटू लागले की हे खुर्चीतून अर्धे उठत. "जपून हं, जपून!" हा त्यांच्या तोंडचा मंत्र. मुलांनी दोन दिवसांत त्यांचे नाव 'जपूनकाका' करून टाकले.

एकदा कोणीतरी एक नवे कोरे पुस्तक चहात भिजवून परत केले. जपूनकाकांनी ते उन्हात धरले, पंख्याखाली धरले, पण पाने फुगली ती फुगलीच. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मोडका बाक सुताराकडून कापून आणला. पुस्तकाएवढे लहानमोठे लाकडी तुकडे. मला वाटले, माझी डागडुजी करणार असतील. मी खूश झालो.

पण त्यांनी काय केले असेल? नव्या पुस्तकांची रंगीत वेष्टने काढली आणि त्या लाकडांना गुंडाळली! ज्या पुस्तकाला वेष्टन नव्हते त्याच्या मुखपृष्ठाची रंगीत झेरॉक्स काढून ती चिकटवली. खरी पुस्तके मागच्या खोलीतल्या कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागले आणि ती लाकडे माझ्या फळ्यांवर उभी राहिली. माझ्या अंगावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठीही चिकटली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाचेही असेच झाले.

मी हादरलो. मित्रांनो, पुस्तक फळीवर ठेवले की किंचित लवते, रेलते, आपले वजन टाकून सैल बसते. लाकूड लवत नाही. ते ताठ उभे राहते, पाहुण्याकडे अवघडून बसलेल्या माणसासारखे. मी स्वतः लाकूड. मला कोण फसवणार? पण मला ओरडता येत नव्हते.

मला वाटले, आज नाही तर उद्या कोणीतरी ओळखेल. आणि इथेच मला त्याहून मोठा धक्का बसला. कोणीच ओळखले नाही!

लोक येत, दुरूनच पाहत आणि म्हणत, "वा, किती कोरी करकरीत पुस्तकं!" वाचनालयाचे अध्यक्ष आले. मागे हात बांधून माझ्याभोवती फिरले आणि जपूनकाकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात शिस्त. एक डाग नाही हो कुठं." रोज पेपर वाचायला येणारे एक चष्मेवाले आजोबा होते. कुठल्याही पुस्तकाचा विषय निघाला की त्यांनी ते वाचलेलेच असे. एका लाकडाकडे बोट दाखवून ते शेजारच्याला म्हणाले, "हे वाचलंय मी. सुरुवात छान आहे, मधला भाग जरा जड जातो."

कोणी पुस्तक मागितलेच, तर जपूनकाका म्हणत, "देतो ना. फक्त क्रमांक टाकायचाय." किंवा "जाड कव्हर चढवायचंय, पुढच्या आठवड्यात या." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ते खोटे बोलत नव्हते. कपाट उघडून पुस्तक काढायला त्यांचा हातच धजत नसे. हळूहळू लोकांनी मागणे सोडले. मला फिरवणेही सोडले. माझ्या दांड्यातले तेल वाळून गेले.

भिंगरी मात्र येत राहिली. ती आता चांगली वाचू लागली होती. गेले काही आठवडे ती येई, माझ्या एका बाजूसमोर उभी राही आणि एकाच मुखपृष्ठाकडे टक लावून पाही. त्यावर झाडामागे लपलेला एक गेंडा होता. झाड बारीक आणि गेंडा चांगलाच रुंद. बघताच हसू यावे असे चित्र.

ते चित्र तिच्या मावशीने काढले होते आणि गोष्टही तिचीच होती. मावशी दुसऱ्या गावी औषधांच्या दुकानात काम करी आणि उरलेल्या वेळात चित्रे काढी. हे तिचे पहिलेच पुस्तक. भिंगरीने तिच्याकडे प्रत मागितली, तेव्हा मावशी म्हणाली होती, "घरातल्या घरात नको. घरचे कौतुक करतातच. तुमच्या वाचनालयात आलंय ना, तिथून घे. तुझ्या मैत्रिणी, गल्लीतली पोरं, कोणी आपणहून वाचतंय का ते मला बघायचंय. मी येईन तेव्हा विचारीन. कोणीच वाचलं नसेल, तर समजेन की आपल्याला हे जमत नाही. रंग देऊन टाकीन कोणालातरी." हे सगळे भिंगरी माझ्यापाशी उभी राहून मैत्रिणीला सांगत होती, म्हणून मला कळले.

आणि मावशी आज दुपारच्या गाडीने येणार होती.

त्या दुपारी भिंगरी गल्लीतली सगळी मुले घेऊन आली. आधी ती सरळ जपूनकाकांच्या टेबलाशी गेली.

"काका, आज तरी गेंड्याचं पुस्तक द्या ना."

"देणार, देणार. कव्हर आणलंय बघ, फक्त चढवायचंय."

"तुम्ही मागच्या वेळीपण असंच म्हणालात. मावशी येतेय आज!"

"अगं, घाईघाईत खराब होईल ते. जपून करायला हवं."

भिंगरीचा चेहरा लालबुंद झाला. ती वळली, माझ्यापाशी आली आणि 'हात लावू नये' या चिठ्ठीच्या नाकावर टिच्चून तिने गेंडा उचलला.

पुस्तक उघडायला म्हणून तिने अंगठा कडेवर ठेवला. अंगठा घसरला. तिने दुसऱ्या बाजूने पाहिले. मग वेष्टन सोलले. आत बाकाची फळी होती. त्या फळीवर कधीकाळी कोणीतरी कर्कटकाने कोरलेले एक वेडेवाकडे फूलही होते.

मग एक मुलगा हसला, "ए, तुझ्या मावशीनं लाकूड लिहिलंय!"

भिंगरी हसली नाही, रडलीही नाही. तिने दुसरे पुस्तक उचलले. लाकूड. तिसरे. लाकूड. मग सगळी मुले तुटून पडली. मी इतक्या वर्षांनी गरागरा फिरलो, करकरत, कण्हत. मोठ्यांच्या बाजूला लाकूड, मुलांच्या बाजूला लाकूड. चष्मेवाले आजोबा पेपर टाकून उठले. एका मुलाने त्यांच्यापुढे एक ठोकळा धरला. "आजोबा, तुम्ही हे वाचलंय म्हणालात ना?" आजोबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

"काका," भिंगरी म्हणाली, "खरी पुस्तकं कुठायत?"

जपूनकाका उभे राहिले होते. त्यांना राग आला नव्हता. उलट चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. "घाबरू नका रे. सगळी जपून ठेवलीत. एकाही पुस्तकाला धक्का लागलेला नाही. या, दाखवतो."

मागच्या खोलीचे दार माझ्या समोरच आहे. त्यांनी कपाटाचे कुलूप काढले. वरचे कप्पे ठीक दिसले. पण खालच्या कप्प्यात, मुलांच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांवरून, मातीच्या बारीक रेघा वर चढल्या होत्या. जपूनकाकांनी एक पुस्तक उचलले. ते टरफलासारखे हलके वर आले. उघडले तर आत पाने नव्हती, माती होती.

वाळवी.

त्यांनी दुसरे उघडले, तिसरे उघडले. "असं कसं? असं कसं होईल?" ते खाली बसले. "मी तर कोणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता." त्यांचा आवाज इतका लहान झाला की मुलांनी त्यांना काका म्हणावे की बाळ, असा प्रश्न पडावा.

मित्रांनो, मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. माझ्या अंगावर किती हात लागले, किती चिकट बोटे, किती ओली दप्तरे! माझा रंग उडाला, कोपरे झिजले, पण मला वाळवी लागली नाही. कारण मी रोज उजेडात, माणसांच्या वावरात होतो. पुस्तकाचेही तसेच आहे. चहा सांडू नका, पाने मुडपू नका, हे मी तुम्हाला सांगणारच. पण नवे पुस्तक आले की ते आधी उघडा. बंद कुलपाआड ठेवलेल्या पुस्तकाची काळजी कोणी घेत नसते, ते फक्त दिसेनासे झालेले असते.

भिंगरी गुडघ्यांवर बसून माती बाजूला करत होती. अगदी कडेला नुकत्याच आलेल्या पुस्तकांचा एक लहान गठ्ठा होता. गेंड्याचे पुस्तक आकाराने सर्वांत मोठे, म्हणून ते तळाशी ठेवलेले होते. तिने ते ओढून काढले. पुढून ते धडधाकट होते. वाळवी खालून चढली होती, त्यामुळे मागचा पुठ्ठा आणि शेवटची काही पाने तेवढी नाहीशी झाली होती.

"आता काय सांगणार मावशीला?" मैत्रिणीने कुजबुजत विचारले.

भिंगरी पुस्तक घेऊन माझ्या पायाशी आली, फरशीवर बसली आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागली. मुले तिच्याभोवती सरकली. गेंडा बुजरा होता. आपण कोणाला दिसू नये म्हणून तो कधी झाडामागे लपे, कधी वाळत घातलेल्या चादरीमागे. मुले खिदळू लागली. चष्मेवाले आजोबा खुर्ची ओढून आले आणि चित्रे दिसावीत म्हणून वाकले. जपूनकाका दारात उभे राहून ऐकत होते. त्यांच्या हातांना अजून माती लागलेली होती. मुलांची बोटे चित्रांवर फिरत होती, पण ते एकदाही 'जपून' म्हणाले नाहीत.

सगळे प्राणी नदीवर पोहायला निघतात. गेंडा मागे राहतो. मग एकटाच काठाशी येतो. पाण्यात त्याला स्वतःचे तोंड दिसते. तो दचकतो. एक पाय उचलतो आणि...

पुढचे पान नव्हते. तिथे फक्त कुरतडलेली कड होती.

"पुढे?" सगळी मुले एकदम ओरडली. "पुढे काय?"

तेवढ्यात पायऱ्यांवर पाऊल वाजले. खांद्याला पिशवी लावलेली भिंगरीची मावशी गाडीवरून थेट दारात येऊन थांबली. तिने माझ्या रिकाम्या फळ्या पाहिल्या, फरशीवर विखुरलेली लाकडे पाहिली, त्यांतल्या एकाला लटकणारा आपला गेंडा पाहिला. तिचा चेहरा उतरला. जपूनकाका पुढे झाले. "ताई, तुमचं पुस्तक... माझ्या हातून..." मावशी मागे वळू लागली.

भिंगरी उठली. तिने धावत जाऊन मावशीचा हात धरला, तिला ओढत आणले, मुलांच्या मधोमध फरशीवर बसवले, ते अर्धे पुस्तक तिच्या मांडीवर उघडे ठेवले आणि म्हणाली, "मावशी, लवकर सांग. सगळे थांबलेत. गेंडा पाण्यात उतरला का?"