एक संशयित कमी

सकाळी सासऱ्यांच्या खोलीतल्या कुंडीत जळकी काडी सापडली आणि माझा पारा चढला. त्यांच्या नाकाला दिवसरात्र प्राणवायूची नळी असते. रोज संध्याकाळी माझी लेक मिरची त्याच नळीशेजारी आजोबांना टेकून बसते. त्या खोलीत एक ठिणगी म्हणजे काय, हे डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं.

विचारलं, तर चोराच्या उलट्या बोंबा. "आता या वयात माझी झडती घेणार का?" नवरा म्हणाला, "तू थांब, मी बोलतो त्यांच्याशी." म्हणजे कोणीच बोलणार नव्हतं. उशी, गादी, कपाट, सगळं मी पालथं घातलं. हाती काही लागलं नाही.

मी मुलांसाठी खेळ बनवते. सध्याचा खेळ मूलद्रव्यांचा आहे. तीन गुन्हे आणि चार संशयित: गंधक, क्लोरीन, स्फुरद आणि प्राणवायू. गुन्हेगार प्राणवायू. ज्याच्या नावातच प्राण आहे त्याच्यावर कोण संशय घेणार, ही त्यातली माझी खोडी. गंजलेलं फाटक आणि काळं पडलेलं सफरचंद हे दोन गुन्हे तयार होते, तिसरा काही केल्या सुचत नव्हता. त्या दुपारी रागाच्या भरात तो एका दमात लिहून काढला. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे सुनेनं बोलायचं होतं आणि सासऱ्यांना लागायचं होतं.

संध्याकाळी पलंगावरच पट मांडला. सासरे कोर्टात कारकून होते, त्यामुळे उलटतपासणीची भारी हौस. फाटक आणि सफरचंद आजोबा-नातीनं पटापट निकालात काढलं. मग मिरचीनं तिसरा पत्ता मोठ्यानं वाचला. "बंद खोली. पलंग जळाला. पलंगावर दोन माणसं होती, एक मोठं, एक लहान."

मी दाराशी उभी होते. आता हे पट उधळणार, अशी मला भीती वाटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"लहान माणूस वाचलं का?" त्यांनी विचारलं.

"ते नाही लिहिलेलं. आजोबा, सुगावा ऐका. तो स्वतः जळत नाही, पण त्याच्या संगतीत सगळं भडकतं." मिरचीनं पत्त्यावर बोट आपटलं. "प्राणवायू. तिन्ही ठिकाणी हाच होता."

"हजर होता," सासरे म्हणाले. "फाटक, सफरचंद खुशाल त्याच्या माथी मार. पण आगीत नुसतं हजर असणं म्हणजे गुन्हा नव्हे."

"मग काडी कोणी लावली?"

त्यांनी संशयितांचे चारही पत्ते पटावर नीट मांडले.

"सूनबाई, तुझ्या खेळात एक संशयित कमी आहे."

ते वाकले, तशी नळी ताणली गेली. मी पुढे धावले, पण त्यांनी हातानंच थांबवलं. डाव्या मोज्यातून चेपलेली काडेपेटी निघाली, तिच्यामागून एक वाकडी सिगारेट. दोन्ही त्यांनी चार पत्त्यांच्या शेजारी ओळीत ठेवल्या.

मिरचीनं कोरा पत्ता आणि पेन्सिल घेतली. "याचं नाव काय लिहू?"

"आजोबा लिही," ते म्हणाले.