डबा का तापतो

जावयाला सासरी मान असतो, असं ऐकून आहे. मला मात्र सासरी गेल्या गेल्या एक जुनी सतरंजी मिळते, ट्रकखाली अंथरायला. गॅरेजवाल्याचं स्थळ आलं त्याच दिवशी सासूबाईंनी ती बाजूला काढून ठेवली असावी.

या वेळी दुखणं होतं ट्रान्स्फर केसचं. म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारा लोखंडी डबा. टेकडी चढायला चारही चाकं जोडली की तो कण्हायला लागायचा, आणि वर पोचेपर्यंत हात लावता येणार नाही इतका तापायचा. टेकडीवर बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मधमाश्यांच्या पेट्या आहेत. ट्रक गेला की पेट्याही गेल्या. मग बाबांनी दिवसभर घरात बसून करायचं काय, याचा विचार फक्त बाबाच करत होते.

निदान माझ्या मेहुण्याने, दादाने, आधीच करून ठेवलं होतं. दादा ऑफिसात बसतो, पण यंत्रांमधलं त्याला सगळं कळतं, कारण तो मोबाइलवर बघतो.

"बाबांना ऐकू येत नाही, जावईबापू. आवाज झाला तरी दामटत राहतात. डबा त्यांनीच खाल्लाय. भंगारवाल्याला बोलावलंय, तुम्ही फक्त डबा संपलाय म्हणून सांगा."

इतक्या मोकळ्या मनाने माझं मत विचारल्याबद्दल मी त्याचे आभार मानले आणि सतरंजीवर आडवा झालो.

डब्यातलं तेल काढलं. काळं पडलेलं, जळका वास, पण पातळी बरोबर आणि लोखंडाचा चुरा जवळपास नाहीच. शाफ्ट हलवून पाहिले, बेअरिंगं घट्ट. नवं तेल भरून सपाट रस्त्यावर दोनच चाकं जोडून चालवला, तर डबा गप्प आणि जेमतेम कोमट. टेकडीवर चार चाकं जोडली आणि कण्हणं सुरू. खाली येऊन लिव्हर सोडवायला गेलो तर हलेना. ट्रक थोडा मागे घेतला तेव्हा कुठे सुटला. म्हणजे डबा धडधाकट होता, पुढची आणि मागची चाकं आपसात भांडत होती.

मी पुढच्या टायरभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं, मग तोच दोरा मागच्या टायरला लावला. चांगला वीतभर कमी पडला. म्हणजे मागचे टायर मोठे, दर फेऱ्याला पुढच्यांपेक्षा वीतभर जास्त पळणारे, आणि चारही जोडले की ती ओढाताण डब्याच्या अंगावर.

बाबा इतका वेळ शेजारी उभे राहून बघत होते.

"बाबा, मागचे टायर कुणी बदलले?" मी त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने विचारलं.

"हळू बोला," बाबा म्हणाले.

दादा आत फोनवर होता. तिकडे एकदा बघून ते पुढे बोलले, "दादाने आणलेत. त्याला नक्षी आवडली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच माझ्यासाठी काही घेऊन आला."

"माप तरी बघायचं."

"बघितलं ना. त्याच संध्याकाळी."

"आणि आवाज?"

"पहिल्याच चढाला ऐकला. जाऊ द्या. ट्रक जुनाच झालाय."

मला दादाचा राग आला आणि बाबांचा त्याहून जास्त. पोराचं मन राखायला हा माणूस आपला ट्रक, आपल्या पेट्या आणि वर स्वतःचे कानसुद्धा भंगारात द्यायला निघाला होता.

तेवढ्यात दादा भंगारवाल्याला घेऊन आला. "संपला ना डबा?"

त्याची अक्कल त्याच दोऱ्याने मोजून दाखवावी, असं फार वाटलं. पण बाबा माझ्याकडे बघत होते. मी दोरा खिशात घातला.

"डब्याला काही झालेलं नाही, दादा. तुम्ही मागे इतके भारी टायर आणलेत, की पुढच्या जुन्यांना त्यांच्याबरोबर पळणं झेपत नाहीये. याच मापाचे आणखी दोन आणलेत की झालं."

दादाची छाती फुगली. "मी तेव्हाच म्हणत होतो, चारही बदलू."

हे तो कधीच म्हणाला नव्हता. भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला. दादा बाबांच्या कानाशी वाकला आणि ओरडला, "बाबा, मी तुमच्यासाठी आणखी दोन टायर आणतो."

बाबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालास?"

दादाने पुन्हा सांगितलं, आणखी जोरात. बाबांनी ते दुसऱ्यांदाही नीट ऐकून घेतलं.